सहाशे गोधड्या, सगळ्या एकसारख्या

प्रश्न :

ताई, नमस्कार. आम्ही माण तालुक्यातल्या (जि. सातारा) एका गावात अकरा जणी बचत गटातून गोधड्या शिवतो. कापड जुन्या सुती साड्यांचं, शिवण हाताची. डबलबेडची एक गोधडी पुरी व्हायला सगळ्यांचे मिळून पन्नासेक तास लागतात. महिन्याला सरासरी पंधरा विकल्या जातात. पुण्याच्या भीमथडी जत्रेत आणि मुंबईच्या सरस प्रदर्शनात जरा जास्त. गोधडी आम्ही ३,५०० रुपयांना देतो. कापड, दोरा, धुणं, वाहतूक मिळून खर्च साडेतीनशेच्या घरात.

मध्यंतरी एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला. आमची गोधडी त्यांना आवडली. आता ६०० हव्या आहेत. तीन डिझाइन, प्रत्येकी २००. माप, रंग, ठिगळं, सगळं नमुन्यासारखं हुबेहूब. मुदत ७५ दिवस. भाव १,१५० रुपये. पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी, न विकलेला माल परत. त्याआधी बारा नमुने फुकट पाठवायचे. पुतण्या म्हणतो, "काकी, अशी संधी परत येत नाही. शिवण मशीनवर मारून घेऊ, बाहेरून बायका आणू." आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या आत्याबाई म्हणतात, "दोन गोधड्या सारख्या निघायला लागल्या तर मला बोलवू नका." जवळजवळ सात लाखांचं काम आहे. गटातल्या दोघींच्या डोक्यावर कर्ज आहे. काय करू?

— एक गोधडीवाली, ता. माण

उत्तर :

प्रिय ताई,

या अटींवर ही ऑर्डर घेऊ नका. मात्र त्या अधिकाऱ्यांना नुसतं "नाही" कळवून फोन ठेवूही नका. त्यांना तुमच्याकडून दुसरी एक मागणी देता येण्यासारखी आहे. ती कशी मांडायची ते पुढे सांगते. आधी हिशोब करू, कारण सात लाख हा आकडा ऐकला की बाकीचे आकडे दिसेनासे होतात.

एका गोधडीला ५० तास, म्हणजे ६०० गोधड्यांना ३०,००० तास. तुम्ही अकरा जणी रोज पाच तास बसलात आणि ७५ दिवसांत एकही सुट्टी घेतली नाहीत, सण नाही, लग्न नाही, खुरपणी नाही, कुणी आजारी नाही, तरी होतात ४,१२५ तास. त्यात ८२ गोधड्या बसतात. सहाशेसाठी तुम्हाला ऐंशी बायका लागतील, आणि त्या ऐंशी जणींच्या हाताला तुमच्यासारखा टाका यायला हवा. हे पुतण्यालाही दिसलं असणार, म्हणून तर तो मशीन म्हणतोय.

आता मजुरी पाहा. १,१५० मधून खर्चाचे ३५० गेले की ८०० उरले. त्यांना ५० तासांनी भागा. तासाला सोळा रुपये. आठ तासांचे १२८. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये मिळत होते. म्हणजे तलावातला गाळ काढणाऱ्या बाईच्या निम्म्यापेक्षाही कमी. तुमच्या आजच्या भावाने तासाला ६३ रुपये पडतात, तेही मला फार वाटत नाहीत. ज्या दोघींवर कर्ज आहे त्यांच्यासमोर हा हिशोब कागदावर मांडा. सात लाखांतले दोन लाख दहा हजार तर सामानालाच जातील, तेही आधी खिशातून घालावे लागतील, आणि ९० दिवसांनी दुकानाने त्यातला काही माल परत धाडला तर कर्ज फिटायचं राहो, नवं व्हायचं.

पैशांइतकीच मोठी अडचण कापडाची आहे. एकाच मरून रंगाच्या, एकाच काठाच्या दोनशे गोधड्यांपुरत्या जुन्या सुती साड्या आणणार कुठून? भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बोहारणीच्या गाठोड्यात आता बहुतेक सिंथेटिक साड्याच निघतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते कापड घसरतं, थर एकमेकांना धरत नाही, आणि अंगावर घेतलं की घाम येतो. म्हणजे शेवटी नवं कापड ठाणाने आणावं लागेल. नव्या कापडावर मशीनची शिवण आली की मग ती वस्तू पानिपतची किंवा जयपूरची गिरणी तुमच्यापेक्षा स्वस्तात आणि लवकर करून देईल. पुढच्या वर्षी ते अधिकारी तिकडेच जातील आणि त्यात त्यांचं काही चुकलंय असंही म्हणता येणार नाही. ज्या कामात मशीन तुमच्यापेक्षा सरस आहे, तिथे जाऊन मशीनशी स्पर्धा का करायची?

जुनी साडी वर्षानुवर्षं धुतलेली असते. तिचं आटायचं ते आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो, सूत मऊ पडलेलं असतं. तुमच्या गोधडीचा मऊपणा तिथून येतो, आणि धावदोऱ्यातून येतो. दोरा सगळ्या थरांमधून वर-खाली जातो, म्हणून एका धुण्यानंतर ती अंगासरशी पडते. मशीनची शिवण ताठ बसते. ज्याने दोन्ही पांघरल्यात त्याला अंधारातही फरक कळतो. मशीनवर शिवून वर "हाताने शिवलेली" अशी चिठ्ठी लावणं तर सरळ फसवणूक आहे. पुतण्याच्या मनात तसं नसेल, पण दुकानात ती चिठ्ठी कोण लावेल हे तुमच्या हातात राहणार नाही.

इथे मला अमेरिकेतल्या काही बायकांची गोष्ट सांगायची आहे, कारण तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे त्या साठ वर्षांपूर्वी उभ्या होत्या. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या पँटी, सदरे, पोती, जे हाताला लागेल त्यातून गोधड्या शिवायच्या. नमुना ठरलेला नसायचा. तुकडा हातात आला की डोळा सांगेल तिकडे जायचं. नागरी हक्कांच्या लढ्याचा तो काळ. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून तिथल्या काही कुटुंबांची कामं गेली, घरं गेली. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या गोधड्यांचे लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या.

आणि मग तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. दुकानांना एकसारखा माल हवा होता. ठरलेले नमुने, ठरलेली मापं, ठरलेले टाके. ज्या बायकांची सगळी कसब डोळ्याच्या अंदाजात होती, त्यांना कागदावरचा नमुना पुन्हा पुन्हा कापावा लागला. काहींना ते जमलं, काहींना जाचलं. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स या प्रचंड साखळीचं काम मिळालं. ते गोधड्यांचं नव्हतं. कॉरडरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचे होते, शेकड्यांनी, सगळे सारखे. कामात कंटाळा होता, पण मजुरी नियमित होती, आणि ते काम बरीच वर्षं टिकलं. अभ्रे कापून उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून आपल्या मनाच्या गोधड्या शिवल्या. गीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, त्यांत त्या कॉरडरॉयच्याही होत्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने गीज बेंडच्या गोधड्यांची तिकिटं काढली.

मी यातून घेते ते एवढंच : एकसारखं काम करण्यात काही कमीपणा नाही, त्याने चुली पेटतात. पण जी वस्तू एकसारखी होऊच शकत नाही तिला साच्यात कोंबण्यापेक्षा, साच्यासाठी वेगळी वस्तू निवडावी. त्या बायकांचे अभ्रे आणि गोधड्या वेगळ्या राहिल्या म्हणून दोन्ही चालले.

म्हणून आता अधिकाऱ्यांना काय कळवायचं ते बघू. तुमच्या गोधडीत काय सारखं ठेवता येतं आणि काय नाही, हे आधी तुम्ही अकरा जणींनी बसून ठरवा. माप सारखं ठेवता येतं, एक-दोन इंचांच्या फरकाने. थर किती, ते सारखं. एका वितीत टाके किती आणि दोन ओळींत अंतर किती, तेही. काठ दुमडण्याची पद्धत, कोपऱ्यांची बांधणी, धुऊन उन्हात वाळवणं, वजन, घडी, पिशवी हे सगळं सारखं हवं. साडी, रंग आणि ठिगळांची मांडणी मात्र प्रत्येक गोधडीची स्वतःची. दुकानाला हे नवीन नाही. बंगालकडच्या जुन्या साड्यांचे कांथा, म्हणजे तिकडच्या गोधड्याच, परदेशातली मोठी दुकानंसुद्धा 'प्रत्येक नग वेगळा असेल' अशी सूचना लावून विकतात. रंगांचे तीन गट करून द्या : लाल-मरून, निळा-हिरवा आणि फिका. दुकानाला फळीवर मांडायला तेवढा मेळ पुरतो.

एका बाबतीत मी दुकानाच्या बाजूची आहे. आपल्याकडे वाकडी शिवण, जुन्या कापडाचा कुबट वास, आत राहिलेली टाचणी, पहिल्या धुण्यात उसवणारा काठ, या सगळ्यावर "हातची वस्तू आहे हो" असं पांघरूण घालायची सवय आहे. त्या सवयीने हस्तकलेचं फार नुकसान केलंय. दोन गोधड्यांचे रंग वेगळे असणं हा गुण आहे, दोन गोधड्यांची मजबुती वेगळी असणं हा दोष आहे. शिवायला बसताना सुया मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. पाठवण्याआधी प्रत्येक गोधडी, जिने ती शिवली नाही अशा बाईने तपासावी. आत्याबाईंना हे काम द्या. एकसारख्या गोधड्यांना त्यांचा विरोध आहे, पण वाईट टाका त्या एका नजरेत पकडतील.

संख्येचं म्हणाल, तर महिन्याला चोवीस दिवस पाच तास धरले तरी तुमच्या हातून २६ गोधड्या निघतात. पंधरा आत्ता विकल्या जातातच. म्हणजे दुकानाला महिन्याला दहा देता येतील, सहा महिन्यांत साठ. भाव २,८०० मागा, अडीच हजारांच्या खाली उतरू नका. अडीच हजारांत खर्च वजा जाता तासाला ४३ रुपये पडतात, तो माझ्या मते तळ आहे. दुकान त्यावर आपलं भाडं, पगार, नफा चढवून साधारण दुपटीने विकेल. ते बघून राग येऊ देऊ नका. पण त्याच मापाची गोधडी तुम्ही जत्रेत ३,५०० ला विकलीत तर दुकान नक्की तक्रार करेल, आणि ती तक्रार रास्त असेल. म्हणून दुकानासाठी वेगळं माप ठेवा, किंवा स्वतःचा भाव ४,५०० करा. मी तर दोन्ही करीन.

फुकट नमुने मुळीच देऊ नका. बारा गोधड्या म्हणजे ६०० तास, अकरा जणींच्या अकरा दिवसांची मेहनत. शिवाय ते नमुने पुढे कोणाच्या टेबलावर जातील हे कळायला मार्ग नाही. एक गोधडी पूर्ण किमतीला, बिलासकट पाठवा. ज्याला सहाशे घ्यायच्यात त्याला एक विकत घेणं जड नाही. बाकीच्यांचे फोटो पुरतील.

पैशांच्या मुदतीबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्या बचत गटांना माहीत असतं. गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करा. तिथे स्वयंसहायता गट म्हणूनच नाव घालता येतं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या तुमच्यासारख्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० लिहिलं तरी कायद्यात ४५ च. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैसे अडकले तर केंद्र सरकारच्या त्यासाठीच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र नोंदणी माल पाठवण्याच्या आधी झालेली हवी. "न विकलेलं परत" ही अट काढून टाका, थेट विक्री करा, आणि ३० टक्के आगाऊ मागा. जुनं कापड तुम्हाला रोखीत घ्यावं लागतं, हे कारण सांगा, ते खरंच आहे.

यानंतर पुतण्याची गोष्ट. तो तुमचं भलंच बघतोय, त्याला गप्प करू नका. त्याच्या 'मोठं काम' या इच्छेला जागा आहे, ती अभ्र्यांसारख्या वस्तूत. बाळाची दुपटी, कुंच्या, उशांचे अभ्रे, पिशव्या. यांना नवं सुती कापड चालतं, माप ठरलेलं असतं, कडेची शिवण मशीनवर आणि मधला धावदोरा हातावर असं उघडपणे सांगून करता येतं. ज्या बायकांना गोधडीचा टाका अजून येत नाही त्यांना इथे शिकता येईल, पाच बायकांच्या वीस करता येतील. दुकानाला शंभर एकसारखे नग हवे असतील तर ते यातले घ्यावेत. चिठ्ठी मात्र वेगळी लावा. गोधडीच्या नावाखाली अभ्रे जाऊ नयेत. नवं कापड आधी धुऊन घ्या, विशेषतः लाल, नाहीतर बाळाचं अंगडं गुलाबी झाल्याची तक्रार येईल.

आणि एक काम असं आहे की ज्यात कुठलीच साखळी तुमच्या वाटेला येऊ शकत नाही. लोकांच्या स्वतःच्या साड्यांची गोधडी. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं, हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या किती घरांत कपाटात पडून आहे! देता येत नाहीत, नेसल्या जात नाहीत. परदेशात राहणारी मुलं तर आईचं एखादं लुगडं बॅगेत घालून नेतात आणि तिकडेही ते कपाटातच राहतं. त्या साड्या तुमच्याकडे आल्या तर कापडाचा शोध संपला, आणि त्या माणसासाठी जगात ती एकच गोधडी. इथे भाव ५,००० ठेवला तरी कुणी घासाघीस करणार नाही, असं मला वाटतं.

पण हे काम जबाबदारीचं आहे. पार्सल उघडताना प्रत्येक साडीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. किती नग आले ते वहीत लिहा. कापण्याआधी विचारा : कोणता काठ वर दिसायला हवा, कोणता भाग कापायचाच नाही. एखादी साडी विरलेली असेल तर ती आतल्या थरात घालू का, हे आधी सांगा. उरलेले तुकडे, अगदी चार बोटांचे असले तरी, परत करा. एका वेळी एकाच घराच्या साड्या एका खोलीत. दोन घरांचं कापड एकमेकांत मिसळलं तर ती चूक भरून निघत नाही. फोटो, वही, पार्सल, गिऱ्हाइकांशी बोलणं हे सगळं पुतण्याकडे द्या. त्याला खरी मोठी जबाबदारी हवी असेल तर यापेक्षा मोठी मला माहीत नाही. गोधडीच्या कोपऱ्यात ती शिवणाऱ्या दोघींची नावं दोऱ्याने काढा, तेवढं मात्र कराच. आजवर या राज्यात लाखो गोधड्या शिवल्या गेल्या आणि शिवणाऱ्या एकीचंही नाव कुठे राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अधिकाऱ्यांना लिहायचं पत्र साधं ठेवा : "आपल्याला आमची गोधडी आवडली याचा आनंद आहे. ६०० एकसारख्या गोधड्या आम्ही करू शकत नाही, कारण आमचं कापड जुन्या साड्यांचं असतं. महिन्याला १० याप्रमाणे सहा महिने, ठरलेल्या मापाच्या आणि ठरलेल्या टाक्याच्या, तीन रंगगटांतल्या, प्रत्येक वेगळी, अशा गोधड्या २,८०० रुपये दराने देऊ. एक नमुना बिलासह पाठवतो. ३० टक्के आगाऊ, बाकी माल मिळाल्यापासून ४५ दिवसांत. एकसारख्या मागणीसाठी दुपटी आणि अभ्रे यांचे दर सोबत जोडले आहेत." खाली सगळ्या अकरा जणींच्या सह्या.

त्यांनी नकार दिला तर दिला. डिसेंबरात भीमथडी भरते, तिथे 'तुमच्या साड्या द्या, गोधडी घ्या' असा फलक लावा आणि दोन तयार गोधड्या शेजारी टांगा. तोवर उद्यम नोंदणी उरकून घ्या. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन घेऊन ती फुकट होते, कुणी एजंट पैसे मागायला लागला तर देऊ नका. जीएसटीचं तुमच्या उलाढालीला काय लागू होतं ते तालुक्याच्या एखाद्या कर सल्लागाराला दुकानाशी करार करण्याआधी विचारा, आणि करार सही करण्यापूर्वी मला पाठवा, मी वाचून देईन.